पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’मागे एका घड्याळजीचं डोकं होतं, त्याचं नाव जेम्स पॅरिस ली

थ्री नॉट थ्री.

महाराष्ट्रात हा आकडा कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. पोलीस स्टेशनच्या दारात पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई, आरोपीला कोर्टात घेऊन आलेली पार्टी, निवडणुकीच्या आदल्या दिवशी मतपेट्यांसोबत गावच्या शाळेत मुक्कामाला आलेला जवान, या सगळ्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं एकच बंदूक दिसायची. लाकडाचा जाडजूड दस्ता, लांब नळी आणि उजव्या बाजूला वाकडी मूठ असलेला लोखंडी दांडा.

तो दांडा म्हणजे बोल्ट. या बंदुकीचा सगळा जीव त्या बोल्टमध्ये असतो.

आता समजा, अशी एखादी रायफल दहा-पंधरा वर्षं शस्त्रागारात पडून राहिली. बाहेरून पुसून लखलखीत, पण बोल्ट आतून कुणी खोललेलाच नाही. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट झालंय, त्यात धूळ बसलीय, वर पावसाळ्याचा गंज. एक दिवस गरज पडते. शिपाई बोल्ट मागे ओढतो, पुढे ढकलतो, नेम धरतो आणि ट्रिगर दाबतो.

बार होत नाही. नुसता टक् असा आवाज येतो.

काडतूस चांगलं आहे, नळी साफ आहे, शिपायाची काही चूक नाही. फक्त बोल्टच्या पोटातली एक पिन अडकली आहे. करंगळीपेक्षा बारीक असलेली ती पिन वेगाने पुढे आली नाही, तर चार किलोंची ती बंदूक आणि काठी यात काही फरक उरत नाही.

ही पिन, ती अडकली तर बाहेर काढायची पद्धत आणि सगळी बंदूकच ज्या बोल्टभोवती उभी राहिली त्याची मूळ कल्पना, हे सगळं एका माणसापर्यंत जाऊन पोहोचतं. गंमत म्हणजे हा माणूस ना सैनिक होता, ना लोहार. तो होता घड्याळजी.

बाराव्या वर्षी बनवलेली पहिली बंदूक चाललीच नाही

जेम्स पॅरिस ली याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ चा. गाव स्कॉटलंडमधलं हॉविक. पॅरिस हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव, फ्रान्सच्या राजधानीशी त्याचा काही संबंध नाही.

जेम्स पाचेक वर्षांचा असताना ली कुटुंब बोटीत बसून कॅनडाला गेलं आणि गॉल्ट नावाच्या गावात स्थायिक झालं. आज हे गाव ओंटारियो प्रांतातल्या केंब्रिज शहराचा भाग आहे. स्कॉटलंडमधून आलेल्या बऱ्याच कुटुंबांनी तेव्हा या भागात बस्तान बसवलं होतं. जेम्सच्या वडिलांचा धंदा घड्याळं आणि दागिन्यांचा.

बारा वर्षांचा असताना जेम्सने आपली पहिली बंदूक बनवली. वडिलांच्या जुन्या पिस्तुलाची नळी घेतली, अक्रोडाच्या लाकडातून दस्ता कोरला, दारू पेटवायची वाटी स्वतः घडवली आणि सगळं जोडून टाकलं.

बंदूक काही धड चालली नाही. पण पोराच्या डोक्यात जो किडा शिरला तो पुढची साठ वर्षं तिथेच राहिला.

पोट भरायला मात्र त्याने वडिलांचाच धंदा धरला. तो घड्याळजीचं काम शिकला, टोरंटोमध्ये उमेदवारी केली आणि १८५० मध्ये म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चॅटहॅम गावात स्वतःचं दुकान टाकलं. १८५२ मध्ये कॅरोलिन क्रायस्लर या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्यांना दोन मुलं झाली.

घड्याळजीचं काम माणसाला काय शिकवतं, हे लक्षात घेतलं तर पुढची गोष्ट सोपी होते. घड्याळात ताकदीचं काही काम नसतं. केसाएवढी फट, वाळलेला तेलाचा एक थेंब, एक वाकलेली पिन एवढ्यावर सगळं यंत्र थांबतं. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ हे खोलण्यासाठीच बनवलेलं असतं. जे यंत्र खोलता येत नाही, ते साफ होत नाही. आणि जे साफ होत नाही, ते आज ना उद्या बंद पडतं.

सरकारी ऑर्डर मिळाली आणि हातची गेली

१८५० चं दशक संपता संपता ली सीमा ओलांडून अमेरिकेत आला आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टीव्हन्स पॉइंट या गावात राहू लागला. तिथेही पोटापाण्याला घड्याळंच होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर तुटून पडले. सैनिकांच्या हातात तेव्हा बहुतेक तोंडातून भरायच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. हे सगळं उभं राहून करायचं, म्हणजे समोरच्याला नेम धरायला आयतीच छाती.

लीने मागच्या बाजूने काडतूस भरता येईल अशी बंदुकीची रचना तयार केली आणि १८६२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मिलवॉकी शहरात त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. युद्ध संपत आलं तेव्हा लष्कराकडून १ हजार कार्बाइनची ऑर्डरही मिळाली.

आणि इथेच माशी शिंकली. गोळीचं माप नक्की किती, यावरून लष्कर आणि कंपनी यांच्यात गोंधळ झाला. तयार झालेल्या कार्बाइन लष्कराने घेतल्या नाहीत. युद्धही संपलं होतं, त्यामुळे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कंपनी बुडाली.

इंचाच्या काही शतांश भागांचा फरक आणि त्यावरून सगळा डाव उधळला. घड्याळजीला मापाचं महत्त्व सांगायची गरज नव्हती, पण सरकारी कागदावर ते नीट लिहून घ्यावं लागतं, हा धडा महागात पडला.

एका साध्या पत्र्याच्या डब्याने बंदुकीचा इतिहास बदलला

यानंतर ली न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात आला. रेमिंग्टन ही बंदुका बनवणारी मोठी कंपनी तिथलीच. १८७५ मध्ये अमेरिकन सरकारच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात त्याच्या एका नव्या रचनेच्या रायफली बनवून पाहण्यात आल्या. जेमतेम १४३ बनल्या, पुढे काही झालं नाही.

वय चव्वेचाळीस. दोन वेळा दार उघडलं, दोन्ही वेळा बंद झालं. पण खरा शोध अजून पुढेच होता.

तेव्हाच्या जगात एकापेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या रायफली होत्या, पण त्यातल्या बऱ्याच रायफलींमध्ये काडतुसं नळीच्या खाली एका लांब नळकांड्यात एकामागे एक बसवलेली असायची. भरायला वेळ लागायचा आणि एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, म्हणजे धोका होताच. शिवाय एक एक गोळी उडेल तसा बंदुकीचा तोलही बदलायचा.

लीने काडतुसं आडवी, एकावर एक रचली. खाली स्प्रिंग, भोवती पत्र्याचा डबा. हा डबा बोल्टच्या बरोबर खाली बसवायचा. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग काडतूस वर ढकलते, बोल्ट पुढे केला की तेच काडतूस नळीत जातं. डबा रिकामा झाला की काढायचा, दुसरा लावायचा.

४ नोव्हेंबर १८७९ या दिवशी त्याला याचं पेटंट मिळालं. आज आपण ज्याला मॅगझिन म्हणतो, ते हेच. जगातल्या जवळपास प्रत्येक लष्करी रायफलीला आज जो काढता-घालता येणारा डबा असतो, त्याचं कूळ इथपर्यंत जातं.

त्या डब्यामुळे सैनिकाचे किती सेकंद वाचतात, हे आकड्यात सांगण्यापेक्षा रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांच्याकडे बघावं. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. मॅगझिन रिकामं झालं आणि नवं लावायला वेळच नव्हता. त्यांनी टॉमी गन उलटी धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. त्यानंतर ते गोळी लागून पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाईत दोन-चार सेकंदांची किंमत काय असते, ती ही अशी.

लीच्या या मॅगझिन रायफलीची पहिली ऑर्डर अमेरिकन नौदलाकडून आली, फक्त ३०० नगांची. पण दुर्दैव अजून पाठ सोडत नव्हतं. ज्या शार्प्स कंपनीकडे काम होतं, ती कंपनीच बंद पडली. काम रेमिंग्टनकडे गेलं आणि रेमिंग्टन-ली या नावाने ती रायफल बाजारात आली.

अमेरिकेने पाठ थोपटली, पण मोठी ऑर्डर दिली नाही. मोठी ऑर्डर द्यायला साहेबाचा देश लागला.

ब्रिटनने बोल्ट उचलला आणि नाव झालं

ब्रिटिश लष्कर १८८० च्या दशकात नव्या रायफलीच्या शोधात होतं. जगभरातल्या रचना तपासल्या गेल्या, वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. शेवटी निवड झाली ती लीच्या बोल्टची आणि त्याच्या डबा-मॅगझिनची. नळीच्या आतले आटे विल्यम मेटफर्ड या इंग्रज इंजिनिअरच्या पद्धतीचे.

डिसेंबर १८८८ मध्ये ही रायफल ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. हाच तो आपला थ्री नॉट थ्री.

काही वर्षांतच काळ्या दारूची जागा कॉर्डाइट नावाच्या नव्या धूरविरहित दारूने घेतली. ती इतकी गरम जळायची की मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजायला लागले. मग एनफील्डच्या सरकारी कारखान्याने खोल आटे दिले आणि १८९५ मध्ये रायफलीचं नाव झालं ली-एनफील्ड. मेटफर्डचं नाव गेलं, लीचं राहिलं. कारण नळी बदलली तरी बोल्ट बदलायची गरज कुणाला वाटली नाही.

त्या बोल्टमध्ये एवढं काय होतं?

बोल्टचं काम दाराच्या कडीसारखं असतं. काडतूस नळीत घातल्यावर मागचं दार घट्ट बंद करायचं, म्हणजे स्फोट मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. कडी लावण्यासाठी बोल्टला खुंट्या असतात. जर्मनीच्या माउझर रायफलीत मुख्य खुंट्या बोल्टच्या पुढच्या टोकाला होत्या. लीच्या रचनेत त्या मागे होत्या.

पुढे खुंट्या असल्या की मजबुती जास्त, हे खरं. पण मागे असल्याने बोल्टचा प्रवास कमी झाला आणि हात कमी फिरवावा लागला. नेमावरून गाल न हलवता शिपाई पुढची गोळी भरू शकायचा. ब्रिटिश शिपायाला मिनिटाला किमान १५ नेमके बार काढायचं शिक्षण दिलं जायचं, तेही ३०० यार्डांवरच्या निशाण्यावर.

आता येऊ पिनकडे.

बोल्ट आतून पोकळ असतो. त्या पोकळीत एक लांब पिन आणि तिच्याभोवती जाड स्प्रिंग. पिनचं मागचं टोक बोल्टबाहेरच्या एका ठोकळ्यात आट्यांनी बसवलेलं असतं. बोल्ट पुढे ढकलताना हा ठोकळा मागे अडकून राहतो, म्हणजेच स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की ठोकळा सुटतो, पिन झेप घेते आणि तिचं टोक काडतुसाच्या बुडावर आदळतं. हे टोक बोल्टच्या तोंडाबाहेर किती येतं? सुमारे एक मिलिमीटर. त्याहून बरंच कमी आलं तर बार होत नाही. जास्त आलं तर काडतुसाच्या बुडाला भोक पडून गरम गॅस मागे येऊ शकतो.

म्हणजे एका बाजूला फुसका बार, दुसऱ्या बाजूला शिपायाचा डोळा. मधे एक मिलिमीटर.

पिन अडकते ती बहुतेक वेळा दुर्लक्षामुळे. वाळलेलं ग्रीस, गंज, काडतुसाच्या पितळेचा कीस. कधी पिन मागेच चिकटते आणि संथ येते. कधी पुढे येऊन बसते, आणि हे जास्त वाईट. कारण टोक बाहेर राहिलेल्या अवस्थेत बोल्ट पुढे ढकलला, तर दार पूर्ण बंद व्हायच्या आधीच काडतूस पेटण्याचा धोका असतो.

अशा वेळी माणसाचा पहिला विचार असतो हातोडीचा. दोन ठोके मारले की निघेल. लष्कराच्या आणि पोलिसांच्या शस्त्रागारात नेमकं हेच करायला मनाई असते.

ली-एनफील्डमध्ये पिन काढायचा क्रम ठरलेला आहे. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मग बोल्ट बाहेर. त्याचं पुढचं डोकं वेगळं आहे, ते आटे फिरवून काढायचं. मागच्या ठोकळ्यातला बारीक स्क्रू सोडवायचा, कारण पिन आपोआप फिरू नये म्हणून तो तिला धरून असतो. मग एक पोकळ हत्यार पुढून बोल्टच्या पोटात घालायचं. त्याचे दात पिनच्या कॉलरवरच्या खाचांत बसतात. हळूहळू फिरवलं की पिनचे आटे ठोकळ्यातून सुटतात आणि पिन स्प्रिंगसकट पुढून बाहेर येते. गंजून बसली असेल तर तेल सोडायचं आणि थांबायचं. गरज पडली तर रात्रभर थांबायचं.

हातोडी मारली तर काय होतं? पिन वाकते किंवा आटे खराब होतात. आणि तो एक मिलिमीटर कायमचा हुकतो.

ही सगळी रीत घड्याळाच्या दुकानातली वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

यात एक शहाणपणाची वाटणीही होती. शिपायाकडे तेलाची कुपी, दोरीचा पुलथ्रू आणि चिंधी एवढंच सामान. नळी आणि बोल्ट बाहेरून पुसणं हे त्याचं काम. पिन काढायचं हत्यार मात्र त्याच्याकडे नसायचं, ते आर्मररकडे. कारण परत बसवताना पिनचं टोक मापाच्या पट्टीने तपासावं लागतं.

बोल्टचं डोकं वेगळं ठेवल्याचा फायदाही मोठा होता. झीज झाली तर सगळा बोल्ट फेकायची गरज नाही, डोकं बदललं की झालं. पुढच्या नंबर चार मॉडेलमध्ये तर या डोक्याची चार मापं बनवली गेली. बोल्ट आणि रायफल यांच्यावर एकच नंबर ठोकलेला असायचा, म्हणजे एकीचा बोल्ट दुसरीत जाऊ नये.

त्याच माणसाचा दुसरा बोल्ट मात्र फसला

लीला सगळंच जमलं, असं मात्र नाही.

१८९५ मध्ये अमेरिकन नौदलाने त्याची नवी रायफल घेतली. बनवली विंचेस्टर कंपनीने. यात बोल्टची मूठ वर उचलून फिरवायची गरजच नव्हती, सरळ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. गोळी फक्त ६ मिलिमीटरची, वेग जबरदस्त. कागदावर ही रायफल तिच्या काळाच्या खूप पुढे होती.

१८९८ मध्ये क्युबातल्या ग्वांतानामो इथे आणि १९०० मध्ये चीनमधल्या बॉक्सर बंडात अमेरिकन मरीन्सनी ती वापरली. आणि तक्रारी सुरू झाल्या. रिकामी पुंगळी ओढून काढणारा भाग सैल असायचा आणि साफसफाई करताना हरवायचा. पिन अडवून धरणारे बारीक भाग नाजूक होते, तुटायचे. दहा-बारा वर्षांत ही रायफल मागे पडली.

डोकं तेच, हात तोच. एका बोल्टने शतक काढलं, दुसऱ्याने जेमतेम दशक. फरक वेगाचा नव्हता, ताकदीचाही नव्हता. पहिला बोल्ट चिखलात पडला तरी साफ करून पुन्हा जोडता यायचा. दुसऱ्यातले बारीक भाग कारखान्यात शोभायचे, छावणीत नाही.

तो गेला त्याच वर्षी ईशापूरचा कारखाना उभा राहिला

२४ फेब्रुवारी १९०४ या दिवशी कनेक्टिकट राज्यातल्या शॉर्ट बीच इथे लीचं निधन झालं. वय बहात्तर. त्याची रायफल तेव्हा आखूड करून नव्या रूपात यायला लागली होती. ज्या रूपात ती पुढे जगभर गेली, ते मार्क थ्री मॉडेल १९०७ चं. ते काही त्याने पाहिलं नाही.

त्याच १९०४ मध्ये कोलकात्याजवळ ईशापूरच्या जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागी रायफल फॅक्टरी उभी राहिली. पुढची अनेक दशकं भारतीय सैनिकाच्या हातातली ली-एनफील्ड तिथून यायची. तिची काडतुसं पुण्याच्या खडकी कारखान्यातही बनायची.

मराठी माणसाच्या हातात ही रायफल सगळ्यात कठीण काळात होती ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन तिथे लढत होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत या गावात तुर्कांनी त्यांना वेढलं. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल, वर उपासमार. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याआधी तोफा फोडल्या, शस्त्रं निकामी केली. रायफल निकामी करायची सोपी रीत सैनिकाला पाठ असते. बोल्ट काढून टाकायचा. मग उरतं ते लाकूड आणि नळी.

मराठवाड्यातही या रायफलीची खूण आहे. परभणीहून मनमाडकडे निघालं की निजामाच्या काळात टाकलेल्या लोहमार्गावर पेडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. १९४७ च्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण पेडगाव, परभणी, मानवत हा सगळा पट्टा निजामाच्या राज्यातच राहिला. रझाकारांच्या दहशतीत वर्ष गेलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तेव्हा भारतीय पायदळाची नेहमीची रायफल होती तीच, थ्री नॉट थ्री. जी बंदूक इंग्रजांनी राज्य टिकवायला आणली, तीच स्वतंत्र भारताच्या जवानाच्या खांद्यावरून मराठवाड्यात आली.

१९६२ च्या चीन युद्धात मात्र तिचं वय दिसलं. तोपर्यंत जग आपोआप भरणाऱ्या रायफलींकडे गेलं होतं आणि आपला जवान हिमालयात दर गोळीला हाताने बोल्ट ओढत होता. त्यानंतर लष्कराने नव्या रायफली आणल्या. तरी ईशापूरने लीचाच बोल्ट घेऊन ७.६२ मिलिमीटरची रायफल काही वर्षं बनवली. जुन्या थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आणि एनसीसीकडे आल्या.

एनसीसीच्या परेडमध्ये पोरांच्या हातात दिसणाऱ्या बऱ्याच रायफली फक्त कवायतीच्या असतात. त्यांना डीपी म्हणतात. त्यातून गोळी उडू नये म्हणून पिनचं टोक कापलेलं असतं किंवा पिनच काढलेली असते. वजन तेच, रुबाब तोच, फक्त पिन नाही.

शेवटचा बार

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ घेऊन शिरले. समोर जे पोलीस होते त्यांच्यातल्या काहींकडे काठ्या होत्या, काहींकडे थ्री नॉट थ्री. एका बाजूला बोट दाबून धरलं की गोळ्यांची सर, दुसऱ्या बाजूला दर गोळीला बोल्ट. मॅगझिन रिकामं झालं की दुसरं लावायचं, ही एके-४७ मधली सोयही शेवटी १८७९ च्या त्या पेटंटच्या वंशातलीच.

त्या रात्रीनंतर राम प्रधान समिती बसली, २००९ मध्ये फोर्स वन उभी राहिली, नवी शस्त्रं आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. एक एक करून ही रायफल शस्त्रागारातून संग्रहालयात जाते आहे.

दोष त्या बंदुकीचा होता का? १८८८ च्या बोल्टने २००८ ची लढाई लढावी, ही अपेक्षाच चुकीची होती. जेम्स पॅरिस लीने आपलं काम चोख केलं होतं. त्याने असं यंत्र दिलं, जे कुणीही शिकलेला आर्मरर टेबलावर खोलू शकतो, अडकलेली पिन तेल देऊन काढू शकतो, मापून परत बसवू शकतो. शंभर वर्षं ते चाललं, कारण शंभर वर्षं ते दुरुस्त होत राहिलं.

पण यंत्र खोलायचं कधी आणि बदलायचं कधी, हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं.